हलूनका मास्तरांचा भारद्वाज

मास्तरांनी रानात जाऊन काढलेले फोटो ज्यांनी ज्यांनी पाहिले, त्यांना कल्याणच्या आसपासच्या झाडाझुडपांची उत्तम माहिती झाली. करवंदीच्या जाळ्या, निवडुंग, खाडीकाठची तिवरं, येऊरच्या वाटेवरचा ऐनाचा बुंधा, सगळं त्यात स्वच्छ आलेलं असायचं. नसायचा तो फक्त प्राणी, ज्याच्यासाठी मास्तर पहाटे उठून, चपला हातात धरून, पोटरीपर्यंत चिखलातून गेलेले असायचे. फोटोच्या बरोबर मधोमध रिकामी जागा. त्या जागेवर बोट ठेवून मास्तर सांगणार, इथे कोल्हा होता. कधी मुंगूस असायचं, कधी घोरपड, आणि एकदा मुंब्र्याच्या डोंगरात चक्क तरस. तरसाच्या फोटोत एक दगड होता आणि त्या दगडावर ऊन पडलेलं होतं. तो फोटो त्यांनी मोठा करून, काळ्या चौकटीत घालून स्टुडिओत दर्शनी लावलेला. गिऱ्हाईक बिचारं विचारायचं, की हा दगड कुठला. मग मास्तरांचा पारा चढायचा आणि त्या गिऱ्हाइकाचा फोटो हमखास रडका यायचा.

स्टुडिओ कल्याणच्या बाजारात, तांदळाच्या एका मोठ्या वखारीला लागून होता. मास्तर आधी कुठल्याशा शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, ती नोकरी सोडून त्यांनी हा धंदा मांडला, म्हणून मास्तर. मी तिथे रिटचिंग करायचो. रिटचिंग म्हणजे निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीनं देवाच्या चुका दुरुस्त करायच्या. देवीचे व्रण बुजवायचे, जुळलेल्या भुवयांमध्ये अंतर पाडायचं, सावळीला निमगोरी करायचं आणि निमगोरीला गोरी. दाखवायच्या मुलींचे फोटो हाच आमचा मुख्य धंदा. त्याखालोखाल फाळणीनंतर कँपात आलेले निर्वासित यायचे. त्यांना सरकारी अर्जावर चिकटवायला फोटो लागायचे, आणि गोरं व्हायची त्यांना काही घाई नसायची.

एकदा डोंबिवलीहून मुलाकडची मंडळी तणतणत आली. लग्न होऊन गेलेलं, मांडवसुद्धा उतरलेला, आणि सासूबाईंच्या हातात आमचा फोटो. ही फोटोतली मुलगी आम्हाला द्या, असं त्यांचं म्हणणं. खरी सूनही पुरावा म्हणून बरोबर आणलेली. मास्तरांनी फोटो पाहिला, मुलगी पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले की फोटोत उजेड आमचा होता, घरात तुमचा आहे, तेव्हा जरा दिवे वाढवा.  मुलगी पदराआड हसली. असा माणूस. माणसांच्या तोंडाला वाट्टेल तेवढी पावडर फासायला त्यांची ना नव्हती.

आता त्या 'हलूनका'बद्दल. फोटो काढताना मास्तर काळ्या कापडातून डोकं बाहेर काढायचे, डावा हात वर करायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "हं. हसू नका, हलू नका, श्वास धरा." मग खटका. हे इतकी वर्षं चाललेलं, की कल्याणात त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवत नसे. हलूनका मास्तर म्हटलं की टांगेवाला बरोबर दारात आणून सोडायचा. माणसांच्या बाबतीत या मंत्राचा गुण यायचा. पोरं रडायची थांबत, म्हातारे खोकायचे थांबत, आणि एक नवरदेव तर श्वास धरून इतका वेळ बसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

पण हा गृहस्थ रानातही तेच म्हणायचा.

मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. एका रविवारी मला हौस आली आणि मी त्यांच्याबरोबर गंधाऱ्याच्या बाजूला खाडीवर गेलेलो. समोर बगळा उभा होता. बगळ्याला उभं राहण्यापलीकडे दुसरा उद्योग नसतो. आम्ही गोणपाट पांघरून तिवरांत बसलो, डास आमचं रक्त पिऊन तृप्त झाले, आणि बगळा पावला-पावलानं जवळ येत येत इतका जवळ आला, की मला त्याच्या मानेवरचं पीस न् पीस दिसायला लागलं. मास्तरांनी फोल्डिंग कॅमेरा डोळ्याला लावला. आता दाबतील, आता दाबतील, म्हणून मी बघतोय, तर यांनी डावा हात वर केला आणि हलक्या आवाजात, अगदी अदबीनं, "हं. हलू नका," असं बगळ्याला सांगितलं. बगळ्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि तो थेट पलीकडच्या काठाला गेला. मास्तरांनी त्यानंतर खटका दाबला. दाबायला हवाच, कारण सूचना देऊन झालेली.

घरी येताना वाटभर कारणं ऐकली. वारा फिरला. माझा सदरा पांढरा होता. मी डास मारला. लांब कुठेतरी मालगाडीनं शिट्टी दिली. 'चुकला' हा शब्द त्यांच्या तोंडातून कधी निघायचा नाही, 'थोडक्यात गेला' म्हणायचे. मी शेवटी वैतागून म्हटलं की मास्तर, तुम्ही बोलू नका, बाकी सगळं ठीक आहे. तर रस्त्यात उभे राहिले. म्हणाले, "अरे, न सांगता फोटो काढणं म्हणजे चोरी. कोणाच्या घरात विचारल्याशिवाय शिरतोस का तू?" बगळ्याला घर नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यावर बाजार येईपर्यंत ते माझ्या चार पावलं पुढे चालले.

दुसरं एक तत्त्व असं, की रानातल्या फोटोला पेन्सिल लावायची नाही. ज्या माणसानं माझ्याकडून अर्ध्या कल्याणच्या मुलींची नाकं सरळ करून घेतली, तो मला तरसाच्या दगडावर साधा डाग बुजवू देत नव्हता. मी एकदा गमतीनं म्हटलं, की सांगाल तर दगडावर तरस काढून देतो, खऱ्याहून खरा. त्यांनी निगेटिव्ह माझ्या हातातून काढून घेतली आणि आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. माणसं रंगवतो तेवढं पाप पुरे, असं काहीतरी पुटपुटले. पाप म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवी मुलगी आली की मला हाक मारून सांगायचे, रंग जरा उजळ घे रे.

एरवी हे सगळं हसण्यावारी चाललेलं बरं होतं. पण या रविवारच्या भटकंतीपायी मास्तर सोमवारी दुकान उशिरा उघडायला लागले, मग मंगळवारी, मग गिऱ्हाईक दाराशी येऊन परत जायला लागलं. आणि वखारीचे शेठ हे बघत होते. वखार त्यांची, आमची जागाही त्यांचीच. त्यांच्या जावयाला कापडाचं दुकान काढायचं होतं. एक दिवस शेठ स्वतः आले, तरसाच्या दगडाकडे पाहिलं, आणि दिवाळीपर्यंत जागा मोकळी करा म्हणाले. पागडी देऊन बाजारात दुसरी जागा घेण्याची मास्तरांची ऐपत नव्हती, आणि त्यांच्या वयाला शाळेत परत कोण घेणार. स्टुडिओ गेला की मास्तर गेले, आणि मास्तर गेले की मी गेलो, हिशेब सरळ होता.

शेठ वाईट माणूस नव्हता. भाविक होता, आणि भाविक म्हणजे किती, तर सकाळी उठल्यावर पहिलं तोंड कोणाचं बघितलं यावरून तांदळाचा भाव ठरवणारा. त्याच सुमारास झालं असं, की शेठनं एका सकाळी खिडकी उघडली आणि समोरच्या कुंपणावर भारद्वाज. भारद्वाज दिसणं म्हणजे भाग्य, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. त्या दिवशी शेठचं अडकलेलं एक मोठं काम सुटलं. दुसऱ्या दिवसापासून शेठ पहाटे खिडकीत. भारद्वाज येईना. नोकरांना कुंपणाशी खाणं टाकायला सांगितलं. त्यावर उंदीर आले. शेवटी शेठनं मास्तरांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की उठल्याबरोबर डोळ्यांसमोर दिसेल असा भारद्वाजाचा मोठा फोटो करून आणा, मग जागेचं बघू. जावयाला मी सांगतो काय ते.

मास्तर हे ऐकून आले तेव्हा त्यांचा चेहरा नुकताच नंबरात आलेल्या पोरासारखा झालेला. मला म्हणाले, बघ, आता कळेल सगळ्यांना. मी मनात म्हटलं, झालं, आता कापडाचं दुकान नक्की. कारण भारद्वाज म्हणजे बगळा नव्हे. चांगला कावळ्याएवढा, काळाभोर, तांबड्या पंखांचा, लाल डोळ्याचा पक्षी, पण लाजरा इतका, की उडायच्या ऐवजी झुडपातून चालत सटकतो. दिसला म्हणेपर्यंत दिसेनासा होतो, म्हणून तर त्याचं दर्शन भाग्याचं.

मग सुरू झालं. दुर्गाडीच्या पायथ्याशी, टिटवाळ्याच्या वाटेवर, डोंबिवलीच्या भातखाचरांच्या बांधांवर, शीळच्या माळावर, मास्तर गोणपाट घेऊन बसले नाहीत अशी जाळी राहिली नाही. आणि भारद्वाज भेटले नाहीत असंही नाही. भेटले, समोर आले, मान वाकडी करून उभे राहिले. मास्तरांनी प्रत्येकाला सांगितलं, हलू नका. आमच्या दोरीवर रोज फिल्मच्या नव्या पट्ट्या वाळत असायच्या, आणि त्यात काय, तर करवंदी, रानतुळस, बांध, आणि एका फोटोच्या कडेला एक लांब काळी शेपटी. शेपटीवाला फोटो मास्तरांनी दहा जणांना दाखवला. शेठनाही दाखवायला निघालेले, मी हाताला धरून बसवलं. शेठला सकाळी उठून शेपटीचं दर्शन घ्यायचं नव्हतं.

गणपती झाले, पितृपक्ष झाला. जावयाचा सुतार येऊन आमच्या भिंतीची मापं घेऊन गेला, तेही आमच्याच समोर, आमच्याच स्टुलावर चढून. मास्तरांच्या घरी वहिनींनी मला बोलावून विचारलं, की तू तरी सांग, यांचं काय ठरलंय.  रात्री जेवण जात नाही यांना, असं वहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसत आत गेल्या. तेव्हा मात्र मला मास्तरांचा खरोखर संताप आला. एक तोंड गप्प ठेवायचं, एवढंच काम होतं त्या माणसाला.

ते तोंड शेवटी सर्दीनं गप्प केलं. आश्विनातल्या उन्हात चिखलात बसून बसून मास्तरांचा घसा असा बसला, की स्टुडिओत गिऱ्हाइकाला 'हलू नका' मला सांगावं लागायचं. मास्तर नुसता हात वर करायचे. त्यात एका दुपारी ते मागच्या दाराशी हळद घातलेलं गरम दूध पीत उभे होते. मागे वखारीची पडकी भिंत आणि तिच्यापलीकडे एरंडाचं रान. मला आतून एवढंच दिसलं, की मास्तरांनी पेला खाली ठेवला आणि हळूच हात लांबवून खुंटीवरचा कॅमेरा काढला. भिंतीवर भारद्वाज बसलेला. चोचीत पांढरी गोगलगाय. समोरून, छाती काढून, रागानं बघत. मास्तरांचा डावा हात सवयीनं वर गेला. ओठ हलले. मी पाहिले ओठ हलताना. आवाज मात्र निघाला नाही. खटका दाबला गेला आणि त्यानंतर भारद्वाज गेला.

मास्तर मटकन पायरीवर बसले. मी बाहेर धावलो. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सांगितलं नाही रे मी त्याला." मी म्हटलं, देवाची कृपा. फिल्मचा रोल मी स्वतः धुतला, त्यांना हात लावू दिला नाही. अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्याखाली ट्रेमध्ये तो पक्षी हळूहळू वर आला तेव्हा, खोटं कशाला सांगू, माझाही श्वास अडकला. डोळा अगदी जिवंत होता. छातीवरचं एकेक पीस मोजून घ्यावं असं आलेलं. इतकी वर्षं रिकाम्या जागांवर बोट ठेवणाऱ्या माणसानं काढलेला फोटो होता तो. मास्तर माझ्यामागे उभे राहून नाक ओढत होते. सर्दी होती, असं ते नंतर म्हणाले.

सकाळी मी तो उजेडात पाहिला. त्या फोटोतला पक्षी कावळा होता.

म्हणजे होता भारद्वाजच. पण आम्ही स्वस्तातले जुने रोल वापरायचो, त्या फिल्मला तांबडा रंग दिसायचाच नाही, तांबडं ते सगळं काळं यायचं. तांबडे पंख काळे झालेले. लाल डोळा काळा झालेला. पक्षी समोरून बसल्यामुळे लांब शेपटी भिंतीमागे लपलेली. राहिलं काय, तर काळा पक्षी, जाड चोच आणि भिंत. कल्याणात अशा भिंतींवर असे पक्षी रोज बसतात आणि बायका त्यांना हाकलतात. मी म्हटलं, मास्तर, पंखांवर नुसता तांबडा हात फिरवतो, पाण्याचा रंग, कोणाला कळणारही नाही. खोटं थोडंच होणार आहे, त्याचे पंख तांबडेच होते. मास्तर म्हणाले, नाही. मी सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, सुताराची आठवण करून दिली, वहिनींची आठवण करून दिली. नाही म्हणजे नाही. पाखराला पावडर लावायची नाही. ज्याला ओळखू येईल त्याला येईल. फोटो मोठा केला, शिसवी चौकटीत बसवला, आणि धोतर नेसून, कोट घालून, काखेत फोटो मारून निघाले शेठकडे. मी मागून, मयताला निघाल्यासारखा.

आता शेठच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. शेठचे वडील आदल्या वर्षी गेलेले. दहाव्याला खाडीवर पिंड मांडले, तर कावळा शिवेना. कावळे होते, झाडभर होते, पण एक खाली उतरेना. माणसांनी सांगितलं, वखारीची काळजी करू नका. बायकोला सांभाळू. नातवाचं लग्न लावू. नावडत्या जावयालासुद्धा सांभाळू. कावळे आपले वर बसून ऐकतायत. दुपार कलली तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी जेवायला गेली. शेठच्या आईनं, माई म्हणायचे सगळे त्यांना, तेव्हापासून मनाला लावून घेतलेलं. गवताच्या कावळ्यानं माणूस कसा सुटेल, त्यांचं काहीतरी माझ्याकडून राहिलंय, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. त्या वर्षभरात त्यांनी गोड खाल्लं नव्हतं. हे गावाला माहीत होतं, आणि गावाच्या चर्चेत या गोष्टीला बऱ्यापैकी मागणीही होती.

शेठनं फोटोवरचा कागद काढला. पाहिला. उलटा करून मागून पाहिला, जणू भारद्वाज तिकडे असेल. मग मास्तरांना म्हणाला, "हा कावळा आहे." मास्तर म्हणाले, भारद्वाज आहे. शेठ म्हणाला, चोच बघा. मास्तर म्हणाले, डोळा बघा. शेठचा आवाज चढला. उठल्याबरोबर कावळ्याचं तोंड बघू, असं म्हणता काय मला, दिवाळीच्या तोंडावर घरात अपशकून आणता काय. जागा उद्याच्या उद्या मोकळी करा. आवाज ऐकून माई बाहेर आल्या. शेठ फोटो नोकराकडे देत होता, बाहेर ठेव म्हणून. माईंनी मधेच हात लावला, बघू म्हणाल्या, आणि फोटो उजेडाकडे नेला.

बराच वेळ त्या बघत उभ्या होत्या. मग फोटो मांडीवर घेऊन जमिनीवरच बसल्या. "घास घेतलाय यांनी," म्हणाल्या.

कोणाला काही समजेना. माईंनी बोट ठेवलं चोचीवर. चोचीतली गोगलगाय पांढरीशुभ्र, गोल, भाताच्या मुटक्याएवढी दिसत होती. "हे असेच बघायचे रागानं," माई म्हणाल्या आणि घळाघळा रडायला लागल्या. रडताना फोटोवरून हात फिरवत होत्या. शेठ आईकडे बघत राहिला. त्याचा राग कुठल्या कुठे गेलेला. मला आठवतं, तो नोकरसुद्धा डोळे पुसत होता.

मग माईंनी मान वर केली आणि मास्तरांना विचारलं, "खरं सांगा हं. तुम्ही डोळ्यांनी बघितलात. कावळाच ना हा?"

खोलीत कोणी हलेना. शेठ आईच्या मागे उभा राहून दोन्ही हात जोडत होता, मास्तरांना दिसतील असे. मी मास्तरांच्या कोटाची मागची बाजू धरली होती. हो म्हटलं तर जागा राहिली, माईंचं मन शांत झालं, सगळं मिळालं. नाही म्हटलं तर सगळं गेलं, पण आयुष्यात एकदा मिळालेला भारद्वाज राहिला. मास्तरांचा घसा बरा झालेला होता. 

"कावळाच आहे, माई," मास्तर म्हणाले.

माईंनी त्या दिवशी गोड खाल्लं. आम्हालाही दिलं, साखरभात होता. शेठनं जिना उतरताना मास्तरांचा हात हातात घेतला आणि जागेचं नाव काढायचं नाही म्हणाला. जावयाला दुकान दुसरीकडे काढून दिलं. परतताना मी खुशीत होतो, आणि मास्तर गप्प आहेत म्हणून त्यांची समजूत काढत होतो. म्हटलं, मास्तर, खाडीपलीकडची माणसं भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणतात. तुम्ही कावळा म्हणालात, त्यात खोटं काय झालं. मास्तर चालता चालता म्हणाले, "माईंनी कुंभार विचारला नव्हता."

बातमी गावभर झाली, आणि आमचा धंदा असा वाढला की विचारू नका. ज्यांच्या ज्यांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता ते सगळे आमच्याकडे. आमच्या अण्णांचा काढून द्या, आमच्या काकूंचा काढून द्या. मास्तर खाडीवर जायचे, डावा हात वर करून हलू नका म्हणायचे, आणि कल्याणचे कावळे माणसांना इतके सरावलेले, की मुळीच हलायचे नाहीत. चोचीत घास असलेला, नसलेला, मान वाकडी केलेला, हवा तसा कावळा मिळायचा. मी त्यांना पेन्सिलही लावायचो, पाहिजे तर डोळा जरा अण्णांसारखा करून द्यायचो. मास्तर आता त्याला नाही म्हणत नव्हते. भारद्वाजासाठी मात्र ते पुन्हा रानात गेले नाहीत. तरसाचा दगड कधी भिंतीवरून उतरला, माझ्या लक्षातही आलं नाही.

दर सर्वपित्रीला मास्तरांना शेठकडे जेवायला बोलावणं असायचं, त्यांच्याबरोबर मलाही. फोटो माजघरात, हार घातलेला, काचेवर चंदनाचं बोट. समोर खीर, वडे, आमसुलाची चटणी असं भरलेलं पान. मास्तरांना नेमकं फोटोच्या समोर बसवायचे. मान म्हणून. जेवताना माई सांगायच्या, की कावळा कसा आला ते सांगा, आणि मास्तर सांगायचे. पहिल्या वर्षी दोन वाक्यांत संपवलं. पुढे पुढे चांगलं रंगवायला लागले. कावळा आधी वखारीवर बसला, मग भिंतीवर, मग त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू काढ म्हणतोय. ऐकणारे हात जोडायचे. मी खाली मान घालून जेवायचो. माझी जीभ किती शिवशिवायची ते मलाच ठाऊक.

शेवटच्या वेळी आम्ही गेलो त्या वर्षी शेठच्या मुलाचं लग्न झालेलं. सून ठाण्याची, शिकलेली, माहेरी तलावपाळीजवळ घर, आणि वडिलांना पक्षी बघायचा नाद, म्हणून तिलाही. ती वाढत होती. मास्तरांनी गोष्ट सुरू केली, वखार झाली, भिंत झाली. सून वड्यांचं ताट घेऊन फोटोसमोर थांबली. वाकून नीट पाहिलं तिनं. मग वळून, अगदी सहज, मास्तरांना म्हणाली, "काका, पण हा भारद्वाज आहे. डोळा बघा ना याचा. आणि चोचीत गोगलगाय आहे. किती सुंदर काढलाय हो तुम्ही. असा फोटो मी कुठेच पाहिला नाही."

पंगत थबकली. शेठचा हात पानावरच राहिला. माई भिंतीला टेकून बसलेल्या, खूप थकलेल्या होत्या तेव्हा. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि मग मास्तरांकडे. मास्तर फोटोकडे बघत होते. इतक्या वर्षांत कोणीतरी ओळखला होता. मला वाटलं, आता हा माणूस उठून त्या पोरीचे पाय धरणार.

"नाही हो, सूनबाई," मास्तर म्हणाले. "कावळाच आहे. भारद्वाज मला कधी मिळालाच नाही. रान सगळं पालथं घातलं, पण दर वेळी माझ्याकडूनच चुकला."

सून ओशाळून बरं म्हणाली. माईंनी तिला मास्तरांना आणखी एक वडा वाढायला सांगितला, आणि मास्तरांनी तो मान खाली घालून खाल्ला.